कंचा

घाट रोडवरच्या दुकानात वासवानींचा पोरगा
पत्ते पिसावे तशा टाइल्स मांडतो माझ्यापुढे.
"आँटी, हॉलला आयव्हरी, बेडरूमला तीच, एक शेड डार्क,
पॅसेजला दोघींचं मिक्स.
दारातून पाहिलं की सगळं घर एका धाग्यात."
आत एसी. बाहेर मे, शेहेचाळीस.
मी चपला काढते.

आयव्हरीवर उभी राहते, मग डार्कवर,
मग डोळे मिटून दोन्हींवर एकेक पाय.
कळत नाही कोणती कोण.
"आँटी, पाहायची असते," तो हळूच म्हणतो.

पुण्याहून निखिलेशने सांगून ठेवलंय:
सगळीकडे एकच टाका, चार बाय दोनची,
सांधा दिसला नाही की घर मोठं वाटतं.
मला घर मोठं वाटायला नको.
मला सांधा हवा.

दिगांबरला आता
किल्लीच्या भोकातून दिसावं तेवढंच घर दिसतं.
तेही उजव्या डोळ्याने. डाव्यात नुसता उजेड.
धंतोलीतल्या डॉक्टरांनी कागदावर गोल काढून दाखवला,
आणि हा माणूस, कोळशाच्या खाणींचा सर्व्हेअर,
तेहतीस वर्षं जमिनीखालची जमीन मोजलेला,
कागद डोळ्याशी नेऊन म्हणाला,
"गोल काही नीट नाही आला, डॉक्टर."

त्रिमूर्ती नगरचं घर बांधलं एकोणनव्वदला.
चिप्सची फरशी आठ दिवस घासत होते,
राखाडी चिखल, मशीनचा आवाज, भांडायला बोरकुटेबाई.
हा संध्याकाळी यायचा, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून
ओल्या फरशीवर कंचा सोडायचा
आणि उकिडवा बसून पाहायचा कुठे जातो.
मोरीकडे गेला की खूश.
देवघराकडे गेला की मिस्त्रीची शाळा.

तर लिही बाबा.
हॉलला कोटा. उन्हाळ्यात तळव्यांना बरा.
पॅसेजला खरबरीत, लोक पोर्चला टाकतात ती.
बेडरूमला लाकडासारखी, जिच्यात रेघा आहेत,
आणि रेघा पलंगाकडे जाऊ दे,
पायाच्या बोटांनी धरून चालता येतील अशा.
किचनला मॅट.
बाथरूमच्या तोंडाशी दाणेदार ग्रॅनाइट, काळाकुट्ट,
म्हणजे किल्लीच्या भोकालाही कळेल.
उंबरा एकही नको.
"आँटी, यातलं कशालाच काही मॅच नाही होऊन रायलं."
होतं. चपला काढ.

त्याने काढल्या नाहीत. बिल मात्र नीट केलं,
पेट्या उरल्या तर परत घेईन म्हणाला.

बालाघाटचा फगुराम एकवीस दिवस होता.
कूलर या खोलीतून त्या खोलीत, आम्ही कूलरमागे.
दिगांबर रोज विचारायचा, आज कुठे काय टाकलं,
मी सांगायचे नाही.

शेवटच्या दिवशी हात सोडला त्याचा.
हॉल. "कोटा."
पॅसेज. "हे काय, बसस्टँड आहे का?"
बेडरूममध्ये रेघांवरून थेट पलंग.
मग बाथरूमकडे. काळ्यापाशी थांबला,
मागे आला, पुन्हा गेला,
उजवी टाच उचलून टेकवली.
"फगुराम, पाणी बाहेर येईल. दोन सूत."
"नहीं साहब, लेवल देखके किया."
"कंचा आहे का गं घरात?"

चौतीस वर्षं कंचे कुठे टिकतात.
शिवणाचा डबा पाहिला, फ्रिजमागे पाहिलं,
शेवटी जुन्या कूलरच्या मोटारीतून
बेअरिंगची गोळी निघाली.
फगुरामने ठेवली काळ्यावर.
थोडा वेळ ती विचार करत राहिली,
मग निघाली, आमच्याकडे.

फगुरामने डोक्याचा गमछा सोडला, छिन्नी मागितली.
दिगांबर तिथेच उभा, अनवाणी,
कुणाचीच शाळा न घेता.
"हॉलचा रंग कोणता गं?"
हिरवट. थोडा राखाडी.
"बाकीच्यांशी जुळतो?"
नाही, म्हटलं, अजिबात नाही.
सरक जरा, छिन्नी येते आहे.